मौन म्हणजे संमती नव्हे

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील एक रविवार. सकाळची दुसरी मिस्सा आटोपून आम्ही पुरोहितवस्त्रे उतरवीत होतो. दाराशी छत्री मिटवून एक वृद्ध बाई उभ्या होत्या. साऱ्या गावाच्या त्या ‘टीचर’. गावातील निम्म्या प्रौढांनी पहिली मुळाक्षरे त्यांच्याच हाताखाली गिरविली आहेत. त्यांच्या पतीला अखेरचा तैलाभ्यंग आम्हीच दिला होता आणि उपवासकाळातील एका दुपारी मूठभर मातीही आम्हीच लोटली होती. त्यामुळे त्या काही सांत्वनाचे बोलावयास आल्या असतील, असे आम्हांस वाटले.

टीचरांनी पिशवीतून मोबाईल काढून आमच्यापुढे धरला. पडद्यावर इंग्रजीत एक संदेश होता. आपल्या आरोग्य-सदस्यत्वाचे नूतनीकरण झाले आहे, आपल्या खात्यातून ६९९ रुपये वजा झाले आहेत, आमच्यावर विश्वास ठेवल्याबद्दल आभारी आहोत, अशा अर्थाचा. खाली सदस्याचे नाव होते. ते त्यांच्या दिवंगत पतीचे होते.

हकीकत साधीच होती. पती अंथरुणाला खिळल्यावर आखातात नोकरीला असलेल्या मुलाने सुट्टीत येऊन एका कंपनीची सेवा लावून दिली होती. फोनवर डॉक्टरांचा सल्ला, घरी येऊन रक्ताची तपासणी, गरज पडल्यास परिचारिका. महिन्याचे शुल्क टीचरांच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यातून आपोआप जावे, अशी सोय त्यानेच त्यांच्या मोबाईलवर केली होती. सेवा वाईट होती असे टीचर म्हणाल्या नाहीत. आजाऱ्याला तिचा आधार झाला होता. पुढे ते गेले, मुलगा मातीला येऊन परतला, आणि खात्यातून पैसे मात्र जातच राहिले. टीचरांनी कंपनीला फोन केला. पलीकडून गोड आवाजात सांगण्यात आले की, ज्यांच्या नावे सदस्यत्व आहे त्यांनी स्वतः, नोंदविलेल्या क्रमांकावरून, ते रद्द करण्याची विनंती करावी. टीचर म्हणाल्या, “ते वारले.” पलीकडचा आवाज म्हणाला, “आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. परंतु अन्य कोणाची विनंती आमच्या प्रणालीत स्वीकारली जात नाही.” असे चार महिने झाले होते. २,७९६ रुपये गेले होते.

वाचकहो, आम्ही त्यांस काय उत्तर दिले असेल? आज ते लिहितानाही संकोच वाटतो. आम्ही म्हणालो, “टीचर, जाऊ द्या. सातशे रुपयांसाठी या वयात कशाला मनःस्ताप करून घेता? क्षमा करा आणि विसरा.” बाहेर तिसऱ्या मिस्सेची मुले गोळा होत होती आणि आम्हांला घाई होती. टीचरांनी मान हलविली, छत्री उघडली आणि त्या निघून गेल्या.

सप्टेंबरात, मरियामातेच्या जन्मदिनाच्या सणानंतर, त्या पुन्हा आल्या. या वेळी त्या बसल्या. म्हणाल्या, “फादर, पैशांसाठी मी रडत नाही. पण दर महिन्याच्या सात तारखेला हा मेसेज येतो, आणि ते अजून आतल्या खोलीत निजले आहेत असे क्षणभर वाटते. आणि दुसरे असे, की जन्मभर मी पोरांना शिकविले, पाटीवर गणित चुकले असेल तर पुसा आणि नीट मांडा. आता माझ्याच खात्यात चुकीचे गणित पडते आहे, आणि तुम्ही म्हणता राहू द्या.”

आम्ही ओशाळलो. क्षमा करण्याचा अधिकार ज्याचे गेले त्याचा असतो. तो आम्ही परस्पर वापरून टाकला होता. शिवाय जो येत्या सात तारखेला पुन्हा हात घालणारच आहे, त्याला आज ‘क्षमा’ करणे म्हणजे त्याला पुढच्या महिन्याचे आमंत्रण देणे होय. धर्मगुरूने सोशिकपणा शिकवावा हे योग्यच. पण स्वतःची घाई लपविण्यासाठी दुसऱ्याला सोशिकपणा शिकवू नये.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा नाद घेतला. जे समजले ते आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांपुढे ठेवावे म्हणून हा लेखप्रपंच.

सदस्यत्व ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपल्या आयाबाया तिला रतीब म्हणत. दुधाचा रतीब, वर्तमानपत्राचा रतीब. आमच्या लहानपणी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर आई रोजच्या दुधाची खूण करी. ज्या दिवशी दूध नको, त्या दिवशी खाडा. महिनाअखेरीस दूधवाला ओट्यावर बसे, आई खाडे मोजून दाखवी, तो कधी डोके खाजवी, कधी एखाद्या दिवसावरून वाद घाली, आणि हिशोब मिटे. घरी कोणी वारले की दुसऱ्या दिवशी तोच विचारी, “माई, आता अर्धा शेर कमी करू का?” रतीब बंद करावयाचा असेल तर उंबऱ्यावर उभे राहून ‘उद्यापासून नको’ एवढे दोन शब्द पुरेसे असत. नियतकालिकांचेही तेच. शेवटच्या अंकात ‘आपली वर्गणी या अंकाबरोबर संपत आहे’ अशी चिठ्ठी येई. कोणी मनीऑर्डर धाडी, कोणी धाडीत नसे. काही संपादक पुढचा अंक व्ही.पी.ने पाठवीत, पण तेव्हाही पोस्टमन दाराशी येऊन उभा राही, आणि पैसे मोजून पुडके घ्यावयाचे की ‘नाही’ म्हणून परत धाडावयाचे, हे आपल्याच हाती असे. प्रत्येक वेळी कोणीतरी विचारीत होते आणि प्रत्येक वेळी आपण उत्तर देत होतो.

आता विचारणारा दारात येत नाही. एकदा दिलेला होकार जन्माचा होकार धरला जातो. पहिला महिना फुकट म्हणून घेतलेले काही असो, मुलांच्या अभ्यासाचे असो, सिनेमा-गाण्यांचे असो वा व्यायामाचे. खात्याचा क्रमांक आधीच मागून ठेवलेला असतो. महिना सरतो, आपण विसरलेले असतो, आणि आपल्या विसरण्यालाच संमती मानून पैसे वळते होतात. सामील होण्यासाठी एक बटण आणि बाहेर पडण्यासाठी बारा दारे! मुख्य प्रश्न थोड्या पैशांचा वा जास्त पैशांचा नाही. प्रश्न असा आहे की, जो गप्प आहे तो ‘होय’ म्हणाला असे समजण्याचा हक्क दुसऱ्याला आहे काय?

‘मौनं संमतिलक्षणम्’ असे आपल्याकडे म्हणतात. सेमिनरीत चर्चचा कायदा शिकताना आम्हांलाही असेच एक लॅटिन सूत्र घोकावे लागले होते. पोप आठवे बोनिफास यांनी १२९८ साली प्रसिद्ध केलेल्या कायदेसंग्रहाच्या शेवटी जे नियम आहेत, त्यांतील त्रेचाळीसावा सांगतो की, जो गप्प राहतो त्याची संमती आहे असे दिसते. विद्यार्थी इतकेच पाठ करतात. पण लगेच पुढचा, चव्वेचाळीसावा नियम सांगतो की, जो गप्प राहतो तो कबुली देत नाही. मात्र तो नाकारतो असेही म्हणता येत नाही. आणि आमचे वृद्ध प्राध्यापक पहिल्या नियमाला पारंपरिक पुस्ती जोडल्याशिवाय वर्ग सोडीत नसत. मौनाचा अर्थ संमती तेव्हाच, जेव्हा त्या माणसाला बोलणे शक्य होते आणि बोलणे त्याचे कर्तव्य होते. टीचरांच्या पतीला बोलणे शक्य नव्हते. खुद्द टीचर बोलल्या होत्या, पण त्यांचे बोलणे कोणी लिहूनच घेतले नव्हते. मग तेथे मौन तरी कोठे होते?

विवाहाच्या वेळी आम्ही वधूवरांना प्रश्न विचारतो आणि उत्तर ऐकू यावे लागते. आवाज फार हळू आला तर आम्ही पुन्हा विचारतो; मागच्या बाकावरचे पाहुणे हसले तरी हरकत नाही. कारण १९८३ च्या धर्मविधानाचे कलम १०५७ स्पष्ट सांगते की, उभयतांच्या संमतीनेच विवाह होतो आणि ती संमती त्यांच्या बदल्यात कोणतीही मानवी सत्ता देऊ शकत नाही. बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरणही आपण दरवर्षी करतो. ईस्टरच्या जागरणाच्या रात्री हाती पेटलेली मेणबत्ती घेऊन आपण उभे राहतो आणि धर्मगुरू एकेक प्रश्न विचारतो. गेल्या वर्षी ‘होय’ म्हणाला होतात, तेव्हा यंदाचे धरूनच चालतो, असे चर्च म्हणत नाही. परमेश्वराचा आपल्यावर सर्वांहून अधिक हक्क असूनही तो दरवर्षी विचारतो. मग एखाद्या कंपनीने न विचारता आपले नूतनीकरण करावे?

आनंदाची गोष्ट अशी की, या बाबतीत देशाचा कायदाही आता बराचसा हेच म्हणतो. अमेरिकेचे पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी १५ मार्च १९६२ रोजी तेथील संसदेला पाठविलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क मांडले. सुरक्षितता, माहिती, निवड आणि आपले म्हणणे ऐकले जाणे. आपल्या महाराष्ट्रात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. २४ डिसेंबर १९८६ रोजी, ख्रिस्तजन्माच्या आदल्या दिवशी, ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. त्याच्या जागी आलेला २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियम निघाले. त्यांत म्हटले आहे की, ग्राहकाची संमती त्याने स्वतः स्पष्ट कृतीने दिलेली असली पाहिजे. विक्रेत्याने ती आपोआप नोंदवू नये, चौकोनात आधीच बरोबरची खूण करून तर मुळीच नाही. आमच्या सेमिनरीतील प्राध्यापकांना हा नियम फार आवडला असता.

पुढे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला छुपेपणाने फसविणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी जाहीर करून त्यांना मनाई केली. या क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न्स’ म्हणतात. त्यांतील एकीचे नावच ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’, म्हणजे वर्गणीचा सापळा. रद्द करण्याची वाट अशक्य किंवा लांबलचक करणे, ती लपविणे, तिच्या सूचना गोंधळात टाकणाऱ्या ठेवणे, फुकट म्हणून दिलेल्या गोष्टीसाठी खात्यातून आपोआप पैसे काढण्याची परवानगी सक्तीने घेणे, हे सारे त्यात येते. दुसरी क्लृप्ती लाज वाटावयास लावण्याची. ‘नको’ म्हणावयाचे असेल तर ‘मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही’ अशा धाटणीच्या वाक्यावर बोट ठेवावे लागते. अपराधाची भावना ही काय चीज आहे, हे पापनिवेदन ऐकणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना थोडेफार ठाऊक आहे. ती विवेकाला जागे करण्यासाठी देवाने दिली आहे, माल खपविण्यासाठी नव्हे. आणि तिसरी क्लृप्ती पाहून तर आम्ही चकित झालो. ग्राहकाच्या बिलात न विचारता भर घालण्यास मनाई करताना, धर्मादाय देणगीची भरही त्यांनी त्यात धरली आहे. न विचारता घेतलेले दान हे दान नव्हे, हे आम्ही वेदीवरून सांगावयाचे, ते सरकारी राजपत्राने सांगितले.

रिझर्व्ह बँकेचे नियमही माहीत असलेले बरे. कार्ड किंवा यूपीआयवरून ठरावीक काळाने आपोआप पैसे जाण्याची परवानगी आपण देतो, तिला ‘मँडेट’ म्हणतात. ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे अमलात आलेल्या नियमांनुसार ही परवानगी देताना आपली खातरजमा व्हावी लागते. प्रत्येक वेळी पैसे कापण्यापूर्वी निदान २४ तास आधी आपल्याला पूर्वसूचना यावी लागते. आणि परवानगी केव्हाही मागे घेण्याची सोय असावी लागते. जून २०२२ मध्ये अशा व्यवहारांसाठी, दर वेळी ओटीपी न मागता, १५,००० रुपयांची मर्यादा ठरविण्यात आली. टीचरांना दर सहा तारखेस आणखी एक संदेश येत असे, ‘उद्या ६९९ रुपये वजा होतील’. त्याने त्यांच्या जखमेवरची खपली निघे म्हणून त्या तो न वाचताच पुसून टाकीत. खरे तर तोच त्यांचा मित्र होता. आदल्या दिवशी दार वाजवून ‘थांबवावयाचे असेल तर आता थांबवा’ म्हणणारा तो पोस्टमन होता. इंग्रजीत बोलत होता इतकेच.

आता आम्ही काय केले ते सांगतो. तक्रारीची पायरी कशी चढावी हे प्रभू येशूने मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात सांगून ठेवले आहे. बंधूने अन्याय केला तर प्रथम एकट्याने जाऊन त्याची चूक त्याला दाखवावी; न ऐकेल तर एक-दोघांना साक्षीला न्यावे; तरीही न ऐकेल तर मंडळीला सांगावे. पहिल्याच दिवशी चव्हाट्यावर आरडाओरडा नाही, आणि मुकाट्याने सोसणेही नाही.

प्रथम झिरपणारी गळती थांबविली. आमच्या युवक संघातील एका मुलीने टीचरांच्या मोबाईलवरील पैसे पाठविण्याच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ असे लिहिलेले दालन उघडून दाखविले. तेथे ते मँडेट दिसत होते. टीचरांनी आपल्या हाताने पिन घालून ते रद्द केले. दोन मिनिटे लागली. येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. मोबाईलवरून कंपनीचे ॲप काढून टाकल्याने सदस्यत्व संपत नाही. आणि नुसते मँडेट रद्द केल्यानेही करार संपत नाही, फक्त पैसे जाणे थांबते. कंपनी थकबाकी दाखवू शकते. म्हणून दोन्ही करावे लागते, पैशाची वाट बंद करणे आणि ‘आम्हांला सेवा नको’ असे लेखी कळविणे.

मग आम्ही टीचरांबरोबर बँकेत गेलो. तेथील तरुण अधिकाऱ्याने नीट समजावून सांगितले की, मँडेट टीचरांनीच दिलेले होते आणि ते चालू असताना पैसे गेले, तेव्हा ते परत करणे बँकेच्या हाती नाही. त्यांचे म्हणणे बरोबर होते. बँकेची जबाबदारी कोठे येते? मँडेट रद्द केल्यावरही पैसे गेले तर, किंवा आपण मुळीच परवानगी दिली नसताना कोणी त्रयस्थाने काढले तर. अशा वेळी एक दिवसही दवडू नये. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली तत्त्व घालून दिले की, त्रयस्थाच्या लबाडीचा व्यवहार तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळविला तर भुर्दंड ग्राहकावर पडू नये. उशीर होईल तसा भार वाढतो. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि त्याला शुल्क नाही.

नंतर पत्र. टीचरांनी ते स्वतः मराठीत लिहिले, सुंदर वळणदार अक्षरात, आणि मुलीने त्याचा इंग्रजी तर्जुमा केला. पतीच्या मृत्यूची तारीख, फोन केल्याची तारीख, कापल्या गेलेल्या सहा रकमा, एकूण ४,१९४ रुपये. सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि पासबुकाच्या पानांची प्रत. विशेषण एकही नाही. ते कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेलने पाठविले आणि स्पीड पोस्टानेही. असा अधिकारी नेमणे ई-कॉमर्सच्या नियमांनी बंधनकारक केले आहे. त्याने ४८ तासांत पोच द्यावयाची असते आणि महिन्याच्या आत निवारण करावयाचे असते.

उत्तर आले. सदस्यत्व बंद केले आहे, आणि ‘सदिच्छा म्हणून’ दोन महिन्यांचे शुल्क परत करीत आहोत. आम्हांला वाटले, झाले, देव पावला. टीचर म्हणाल्या, “फादर, मला त्यांची सदिच्छा नको. हिशोब हवा. माणूस मार्चमध्ये गेला. ऑगस्टात त्यांनी कोणाची नाडी तपासली?”

मग दुसरी पायरी, साक्षीदारांची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५. मराठीतून बोलता येते. तक्रार नोंदवून घेतात, तिचा क्रमांक देतात आणि कंपनीकडे पाठवून उत्तर मागतात. त्यांना निवाडा देण्याचा अधिकार नाही. पण दोघांच्या भांडणात तिसरा जाणता माणूस येऊन उभा राहिला की आवाज कसे खाली येतात, हे वाडीच्या बांधावरून भांडलेल्या आपल्या लोकांना सांगावयास नको. तीन आठवड्यांत उरलेल्या चार महिन्यांची रक्कम जमा झाली. माफीचा शब्द मात्र कोठे नव्हता.

तिसरी पायरी चढावी लागली नाही. पण ती आहे हे माहीत असावे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपण राहतो तेथूनच तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. वकील हवाच असे नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. म्हणून पावत्या, संदेश, फोनच्या तारखा जपाव्यात. टीचरांप्रमाणे संदेश पुसून टाकू नयेत.

या सगळ्या खटाटोपात आम्हांला लूकच्या शुभवर्तमानातील ती विधवा वारंवार आठवत होती. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाला मानीत नाही; ती मात्र येतच राहते, आणि अखेर तिच्या येण्यालाच कंटाळून तो तिचा न्याय करतो. आजवर या दृष्टांतावर आम्ही पुष्कळ प्रवचने दिली, ती सारी चिकाटीच्या प्रार्थनेवर. ती विधवा न्यायही मागत होती, पै-पैचा असेल कदाचित, हे टीचरांनी आम्हांला शिकविले. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथात सातव्या आज्ञेचे विवेचन करताना म्हटले आहे की, दुसऱ्याचे अन्यायाने घेणे वा ठेवून घेणे हा त्या आज्ञेचा भंग आहे, मग ते देशाच्या कायद्यात बसत असले तरीही. आमोस संदेष्ट्याने खोट्या तराजूंविषयी धनिकांना खडसावले. आजचा तराजू डोळ्यांना दिसत नाही; तो मोबाईलच्या पडद्यामागे असतो. पण पारडे झुकले आहे की नाही, हे पासबुकाच्या पानावर कळतेच.

परंतु वाचकहो, आरसा दुसऱ्यापुढेच धरून चालणार नाही. हीच कथा सांगत असता आमच्या युवक संघातील एकाने हसत सांगितले की, तो पाच वेगवेगळ्या क्रमांकांवरून पाच वेळा ‘पहिला महिना फुकट’ घेतो. दुसऱ्या एका घरी वर्षभर सिनेमे पाहून झाल्यावर ‘हे पैसे आम्ही दिलेच नाहीत’ अशी तक्रार बँकेत करण्याचा बेत चालला होता. ही लबाडी लहान म्हणून क्षम्य ठरत नाही. ‘होय’ असेल तर होय आणि ‘नाही’ असेल तर नाही म्हणा, ही प्रभूची शिकवण विकणाऱ्याला आहे तशी घेणाऱ्यालाही आहे.

आणि तिसरा आरसा आमच्यापुढे. आमच्या धर्मग्रामात वार्षिक वर्गणीच्या पावतीतच एका नियतकालिकाची वर्गणी धरून घेण्याची प्रथा होती. कोणी सुरू केली, कोणास ठाऊक. आम्ही आलो तेव्हा ती चालू होती आणि आम्ही कधी विचारले नाही. लोकही कधी बोलले नाहीत. टीचरांचे काम मिटल्यावर एका रात्री पावतीपुस्तक चाळताना ती ओळ आमच्या नजरेस पडली आणि झोप आली नाही. चौकोनात आधीच केलेली ती खूण आमचीच होती. धर्मग्राम परिषदेत आम्ही विषय मांडला. एका ज्येष्ठ सदस्याने इशारा दिला, “फादर, विचारायला गेलात तर घरे गळतील.” ते खरेच ठरले. यंदा प्रत्येक घरी स्वयंसेवकांनी जाऊन विचारले, आणि बरीच घरे गळाली. अंकांचा गठ्ठा लहान झाला; पाठविणाऱ्यांची थोडी नाराजीही पत्करावी लागली. पण जी घरे राहिली ती ‘होय’ म्हणून राहिली आहेत. एका आजोबांनी तर स्वयंसेवकाला म्हटले म्हणे, की इतकी वर्षे हा अंक येतो, तो आमच्याच पैशांतून येतो हे आम्हांला माहीतच नव्हते. आता वाचून पाहीन.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर, आता शाळेच्या व्हरांड्यात युवक संघाची दोन मुले टेबल मांडून बसतात. वृद्ध माणसे मोबाईल आणि पासबुक घेऊन येतात. कोठे काय चालू आहे ते मुले पाहतात, वाचून दाखवितात आणि विचारतात, “हे हवे आहे का, आजी?” बटण मात्र आजीच दाबते, तिचा पिन मुलांनी विचारावयाचा नाही, हा टीचरांचा नियम. कारण त्या टेबलाशी तिसरी खुर्ची त्यांचीच असते. हिशोबाची वही त्या ठेवतात.

गेल्या ऑक्टोबरच्या आठ तारखेला, जपमाळेच्या राणीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आम्ही देवळाचे दार उघडीत होतो, तेव्हा त्या पायऱ्यांवर भेटल्या. म्हणाल्या, “फादर, काल सात तारीख होती. मेसेज आला नाही.” मग त्या आत गेल्या आणि पतीच्या आत्म्यासाठी मेणबत्ती लावून बराच वेळ बसून राहिल्या. त्या काहीच बोलत नव्हत्या. पण ते मौन त्यांचे स्वतःचे होते.